वीजबिल त्यांचं, बातमीही त्यांचीच: न्यूज चॅनेलचा मालक कोण, हे नागपूरकराने का विचारायचं?

२०१२ ते २०१९ या काळात नागपूरच्या महाल, गांधीबाग किंवा सिव्हिल लाइन्स भागात राहणाऱ्या माणसाला एसएनडीएल हे नाव माहीत नाही, असं होणं शक्यच नव्हतं. वीज गेली की शिव्या एसएनडीएलला. बिल जास्त आलं की मोर्चा एसएनडीएलच्या ऑफिसवर. मीटर जोरात पळतो ही तक्रार तर चहाच्या टपरीवर रोजचीच. जवळपास प्रत्येक पक्षाने या कंपनीविरुद्ध कधी ना कधी आंदोलन केलं.

महावितरणने मे २०११ पासून शहराच्या या तीन विभागांचं वीजवितरण खाजगी फ्रँचायझीकडे दिलं होतं. ग्राहकाच्या दारात येणारा माणूस, मीटर, बिल आणि वसुली हे सगळं कंपनीकडे. ही कंपनी मूळची स्पॅन्कोची. २०१२ मध्ये ती एस्सेल समूहाने घेतली. एस्सेल म्हणजे सुभाष चंद्रा. म्हणजेच झी. म्हणजेच 'झी २४ तास'.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. महालातलं एक घर. टेबलावर एसएनडीएलचं बिल पडलंय आणि समोर टीव्हीवर मराठी बातम्या चालू आहेत. बिल पाठवणारा आणि बातमी दाखवणारा समूह एकच आहे, हे त्या घरात किती जणांना माहीत होतं? मोर्चा ज्याच्याविरुद्ध निघालाय, त्याच समूहाच्या चॅनेलचा बूम मोर्चासमोर धरला जातोय, हे मोर्चात घोषणा देणाऱ्याला तरी ठाऊक होतं का?

त्या चॅनेलने एसएनडीएलच्या बातम्या दाबल्या, असा आरोप इथे करायचा नाही. मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. बातमी दाखवली असो वा नसो, ती पारखायला लागणारी माहितीच प्रेक्षकाकडे नव्हती. ती देण्याची सक्ती तेव्हाही कोणावर नव्हती आणि आजही नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये एस्सेल समूह कर्जाच्या अडचणीत असताना एसएनडीएलने हात वर केले आणि महावितरणने कारभार पुन्हा ताब्यात घेतला. नागपूरकर ते नाव हळूहळू विसरले. पण वीज आणि बातमी यांची जोडी काही विदर्भातून गेली नाही. फक्त मालक बदलले.

आता कोण?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांशी जोडलेली एक छोटी कंपनी विकत घेतली आणि त्या वाटेने एनडीटीव्हीत शिरकाव केला. डिसेंबरपर्यंत समूहाकडे जवळपास ६५ टक्के हिस्सा आला. ३० नोव्हेंबरला रवीश कुमार यांनी राजीनामा दिला, तो व्हिडीओ बहुतेकांनी फोनवर पाहिला असेल. त्यानंतरची गोष्ट मराठी प्रेक्षकांच्या जास्त जवळची आहे. १ मे २०२४ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, 'एनडीटीव्ही मराठी' सुरू झालं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये आयएएनएस या वृत्तसंस्थेतही समूहाने निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता. वृत्तसंस्था म्हणजे जिथून इतर माध्यमं तयार बातम्या उचलतात ती जागा.

आता विदर्भाचा नकाशा घ्या. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला अदानी पॉवरचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प. नागपूरला लागून बुटीबोरीत ६०० मेगावॅटचा प्रकल्प, जो पूर्वी अनिल अंबानींच्या रिलायन्स पॉवरकडे होता आणि जुलै २०२५ मध्ये ४,००० कोटी रुपयांना अदानी पॉवरकडे आला. अमरावती रोडवर, शहरापासून हाकेच्या अंतरावर गोंडखैरी. तिथल्या भूमिगत कोळसा खाणीसाठी अदानी पॉवरच्या प्रस्तावावर जुलै २०२३ मध्ये जनसुनावणी झाली आणि गावकऱ्यांनी तिला जोरदार विरोध केला. विहिरी आटतील, शेती जाईल, अशी त्यांची भीती.

अशी सुनावणी ही टीव्हीसाठी खरं तर तयार बातमी असते. माणसं चिडलेली असतात, अधिकारी मंचावर असतात, पोलीस बंदोबस्त असतो. पण उद्या अशाच एखाद्या सुनावणीत गावकऱ्यांसमोर सात-आठ चॅनेलचे बूम आले आणि त्यातला एक खाणीच्या मालकाच्या चॅनेलचा असला, तर? तो बूम धरणारा पोरगा अगदी प्रामाणिक असू शकतो. त्याने पाठवलेली बातमी डेस्कवर कोण कापतो, तिला तीस सेकंद मिळतात की तीन मिनिटं, आणि ती दुपारी दोनला जाते की रात्री नऊला, हे त्याच्या हातात नसतं.

रिमोटवर एवढी चॅनेल आहेत, मग मूठभरांची मालकी कशी?

हा प्रश्न रास्त आहे. मराठीत बातम्यांचे पर्याय कमी नाहीत. 'एबीपी माझा' कोलकात्याच्या आनंदबाजार घराण्याशी जोडलेल्या समूहाचं. ते २००७ मध्ये 'स्टार माझा' म्हणून सुरू झालं आणि जून २०१२ मध्ये त्याचं नाव बदललं. 'झी २४ तास' एस्सेलचं. 'न्यूज१८ लोकमत' ही रिलायन्सचा नेटवर्क१८ आणि लोकमत समूह यांची भागीदारी. 'टीव्ही९ मराठी' हैदराबादहून वाढलेल्या समूहाचं. 'साम' सकाळ समूहाचं, 'पुढारी न्यूज' कोल्हापूरच्या पुढारी समूहाचं. त्यात 'एनडीटीव्ही मराठी', 'जय महाराष्ट्र', 'लोकशाही मराठी'. तेलुगू किंवा तामिळ टीव्हीशी तुलना केली तर आपल्याकडे एका घराण्याची सत्ता आहे, असं अजिबात म्हणता येणार नाही.

पण चॅनेलची संख्या मोजून अर्धाच हिशोब होतो. मालकी एकवटते ती तीन-चार वाटांनी, आणि त्यातली एकच वाट 'एका मालकाची खूप चॅनेल' ही आहे.

दुसरी वाट म्हणजे एकाच मालकाकडे पेपरही आणि चॅनेलही. सकाळी दारात जे पडतं आणि रात्री पडद्यावर जे दिसतं, ते एकाच घरातून येतं. तिसरी वाट, बातमी पोचवणारी तारही त्याच्याच मालकीची. रिलायन्सने २०१८ मध्ये डेन आणि हॅथवे या देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांवर ताबा मिळवल्याची घोषणा केली, तेव्हा नेटवर्क१८ ची चॅनेल आधीपासून तिच्याकडे होती. झीच्या घराण्याने तर डिश टीव्ही उभा केला. नागपुरात केबल म्हटलं की यूसीएनचं नाव येतं, आणि यूसीएनचं स्वतःचं स्थानिक बातम्यांचं चॅनेलही आहे. शहरातल्या गटारीची, नळाची, मनपाच्या सभेची बातमी अनेक घरांना राज्यस्तरावरच्या चॅनेलपेक्षा तिथेच आधी दिसते. कोणतं चॅनेल कितव्या नंबरवर लागतं आणि सेट-टॉप बॉक्स चालू केल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, यावर बातमीचा प्रेक्षक ठरतो, आणि ते ठरवणारा संपादक नसतो.

चौथी वाट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी दिसणारी. बातमीच्या मालकाचे बातमीबाहेरचे धंदे. वीज, कोळसा, सिमेंट, बंदरं, टेलिकॉम, जमीन. या प्रत्येक धंद्यात सरकारची सही लागते. न्यूज चॅनेल स्वतः फारसं कमावत नाही, पण ते ज्याच्याकडे असतं त्याचा फोन मंत्रालयात पटकन उचलला जातो. तोट्यातली चॅनेल विकत घ्यायला उद्योगपती रांग का लावतात, याचं उत्तर ताळेबंदात सापडत नाही ते यामुळेच.

लोकमत: नागपूरच्या घरातलं उदाहरण

या चारपैकी तीन वाटा एकत्र बघायच्या असतील तर नागपूर सोडून कुठे जायची गरज नाही.

जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे नेते, राज्यात मंत्री. 'लोकमत' यवतमाळचं साप्ताहिक होतं, १९७१ मध्ये नागपुरातून त्याचं दैनिक झालं आणि पुढे ते राज्यातल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकांत गेलं. दर्डांचे एक पुत्र विजय दर्डा राज्यसभेत खासदार, दुसरे राजेंद्र दर्डा राज्यात शिक्षणमंत्री. एप्रिल २००८ मध्ये लोकमत आणि तेव्हाच्या टीव्ही१८ समूहाने निम्म्या-निम्म्या भागीदारीत 'आयबीएन लोकमत' सुरू केलं. संपादक निखिल वागळे. चॅनेल आक्रमक होतं, इतकं की बाळासाहेब ठाकरे यांच्यावरच्या टीकेवरून नोव्हेंबर २००९ मध्ये शिवसैनिकांनी त्याच्या मुंबई आणि पुण्याच्या कार्यालयांवर हल्ला केला.

मग भागीदारच बदलला. २९ मे २०१४ ला, म्हणजे नरेंद्र मोदी यांच्या शपथविधीनंतर तीन दिवसांनी, रिलायन्सच्या संचालक मंडळाने नेटवर्क१८ ताब्यात घेण्यासाठी ४,००० कोटींपर्यंतच्या निधीला मंजुरी दिली. जुलैमध्ये राजदीप सरदेसाई आणि वागळे दोघेही बाहेर पडले. पुढे चॅनेलचं नाव 'न्यूज१८ लोकमत' झालं. बूमवरचा रंग बदलला, अँकर बदलले, आणि प्रेक्षकाला मात्र रिमोटवर तोच नंबर दाबायची सवय राहिली.

आणि कोळसा? तोही या गोष्टीत आहे. जेएलडी यवतमाळ एनर्जी या कंपनीला छत्तीसगडमधला कोळसा ब्लॉक मिळाल्याच्या प्रकरणात दिल्लीच्या विशेष न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये विजय दर्डा आणि त्यांचे पुत्र देवेंद्र यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि तिथे त्यांना अंतरिम जामीन मिळाला. खटल्याचा शेवट काहीही होवो, वर्तमानपत्र, खासदारकी आणि वीजनिर्मितीचं स्वप्न एकाच घरात नांदतं, एवढं त्यातून दिसतंच.

नागपुरात हे नवीन नाही. 'हितवाद' १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. तो पुढे ज्यांच्याकडे आला ते बनवारीलाल पुरोहित नागपूरचे खासदार होते, आधी काँग्रेसचे, नंतर भाजपचे, आणि मग तीन राज्यांचे राज्यपाल. 'तरुण भारत' संघविचाराचा आहे, हे त्याच्या वाचकाला माहीत असतं आणि तो ते लपवतही नाही. पेपरच्या बाबतीत नागपूरकर तसा हुशार आहे. कोणता पेपर कोणाचा हे त्याला पाठ असतं आणि तो तेवढं मीठ घालून वाचतो. टीव्हीच्या बाबतीत ही हुशारी चालत नाही, कारण मालक मुंबईत, नोएडात, अहमदाबादेत किंवा हैदराबादेत असतो आणि कंपनीच्या मागे कंपनी असते.

मालक फोन करून बातमी थांबवतो का?

कधीकधी करतही असेल. पण रोज फोन करायची गरज पडत नाही, ही यातली खरी गंमत. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे न्यूजरूमला महिन्याभरात कळतं. कोणाच्या मुलाखतीत कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं. खोटी बातमी पकडता येते, तिच्यावर फॅक्टचेक होतं. न दाखवलेल्या बातमीचं फॅक्टचेक कसं करणार?

दुसरी जागा म्हणजे शब्द. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हाच्या पडद्यावरच्या पट्ट्या आठवा. एका बाजूसाठी ते 'बंड' होतं, ठाकरे गटासाठी 'गद्दारी', आणि शिंदे गट सांगत होता की याला 'उठाव' म्हणा. घटना एकच. तीनपैकी कोणता शब्द पट्टीवर लिहिला, यावरून त्या चॅनेलचं वारं कुठे वाहतंय ते कळायचं. एक वर्षाने अजित पवार वेगळे झाले तेव्हा हाच खेळ पुन्हा झाला. सकाळ समूहाचे प्रतापराव पवार हे शरद पवारांचे सख्खे भाऊ. त्यामुळे 'साम'च्या पट्टीवर काय लिहायचं, हा त्या दिवशी जरा घरगुतीच प्रश्न असणार.

तिसरी जागा पैशाची. स्टुडिओत चार पाहुणे बसवून तासभर भांडण लावायला खर्च जवळपास शून्य. गडचिरोलीला कॅमेरा पाठवायचा तर गाडी, मुक्काम, दोन दिवस. राज्यस्तरावरच्या चॅनेलचं जिल्ह्यातलं काम मोठ्या प्रमाणात स्ट्रिंगरवर चालतं. त्याला पगार नसतो, बातमी लागली तर मानधन. कोणती बातमी लागते ते त्यालाही माहीत असतं, म्हणून तो तशीच पाठवतो. अपघात, खून, नेत्याचा बाइट. खाणीची सुनावणी तीन तास चालते आणि शेवटी फाईल मुंबईला जाते. त्याचं मानधन तेवढंच.

मार्च २०२५ मध्ये नागपूरला याचा अनुभव आला. औरंगजेबाची कबर खुलताबादला, नागपूरपासून चार-पाचशे किलोमीटरवर. फेब्रुवारीत 'छावा' प्रदर्शित झाला, मार्चच्या सुरुवातीला अबू आझमी यांच्या वक्तव्यावरून विधानसभेत गदारोळ होऊन त्यांचं निलंबन झालं आणि मग कबर हटवा ही मागणी. त्या दिवसांत रात्रीच्या चर्चांना दुसरा विषय सापडणं कठीण होतं. १७ मार्चला महालात हिंसाचार झाला. एक माणूस मेला, शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. अफवा सोशल मीडियावरून पसरल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि टीव्हीमुळे दंगल झाली असं म्हणणं उथळ ठरेल. पण जो वाद आठवडेच्या आठवडे स्टुडिओत फुकटात शिजत होता, त्याचं बिल महालातल्या दुकानदाराने आणि रोजंदारीवाल्याने भरलं. त्या आठवड्यात लोकांना हवी होती ती माहिती साधी होती. कोणत्या ठाण्याच्या हद्दीत संचारबंदी आहे, परीक्षा आहे की नाही, अफवेत खरं किती. ही माहिती द्यायला शहरात माणसं लागतात.

पण पक्षपात काय फक्त एकाच बाजूचा आहे?

नाही. आणि हे सांगायला नागपूरपासून लांब, नांदेडला जावं लागतं.

२००९ ची विधानसभा निवडणूक. अशोक चव्हाण काँग्रेसचे मुख्यमंत्री आणि भोकरचे उमेदवार. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की 'अशोकपर्व' या नावाने चव्हाणांची स्तुती करणारी पानंच्या पानं महाराष्ट्रातल्या मोठ्या मराठी दैनिकांत छापून आली होती. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत काही मजकूर तर शब्दन्‌शब्द सारखा, वर नाव मात्र वेगवेगळ्या पत्रकारांचं. लोकमतचं नाव त्यात ठळक होतं. चव्हाणांनी निवडणूक खर्चात जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ११,३७९ रुपये. त्यातले ५,३७९ वर्तमानपत्रांसाठी आणि ६,००० केबल टीव्हीसाठी. एवढ्यात नागपुरात लग्नाचा व्हिडीओही निघत नाही.

निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये हिशोब चुकीचा ठरवून अपात्र का ठरवू नये अशी नोटीस दिली, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, 'पेड न्यूज'वर नावानिशी अहवाल लिहिला होता. कौन्सिलने जुलै २०१० मध्ये त्याचा छाटलेला सारांशच प्रसिद्ध केला. चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले.

तेव्हा सत्तेत काँग्रेस होती, वारं तिकडे होतं. आज वारं दुसरीकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडिया आघाडीने १४ अँकरवर बहिष्कार टाकला, ती यादी हिंदी-इंग्रजी चॅनेलची होती. त्याच महिन्यात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे, म्हणजे नागपूर जिल्ह्यातलेच नेते, यांची एक ऑडिओ क्लिप फिरली. २०२४ पर्यंत पक्षाविरुद्ध बातमी येऊ नये म्हणून पत्रकारांना चहाला न्या, ढाब्यावर न्या, असा सल्ला ते कार्यकर्त्यांना देत होते. पत्रकारांचा मान ठेवा एवढंच म्हणायचं होतं, असा खुलासा नंतर आला. पण ज्या स्ट्रिंगरला बातमीमागे मानधन मिळतं, त्याच्यासाठी ढाब्याचं जेवण हा विनोद नाही, हे बोलणाऱ्याला नेमकं माहीत होतं.

सरकारच्या हातात काय आहे?

जाहिरात. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीआधी राज्य सरकारने एकट्या लाडकी बहीण योजनेच्या प्रसिद्धीसाठी जवळपास २०० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा टीव्ही, पेपर, होर्डिंग, डिजिटल सगळीकडे वाटला जातो. मोठ्या समूहाला उद्योगाची परवानगी हवी असते, छोट्या चॅनेलला ही जाहिरात. धागे वेगळे, टोक एकाच हातात. मार्च २०२५ मध्ये सरकारने माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रासाठी १० कोटींची तरतूद केली. दिशाभूल करणारी बातमी दिसली की तिथल्या तिथे खुलासा करता यावा, हा त्यामागचा सांगितलेला हेतू.

आणि परवाना. 'लोकशाही मराठी'ने जुलै २०२३ मध्ये भाजप नेते किरीट सोमय्या यांच्या कथित व्हिडीओची बातमी दाखवली. सप्टेंबरमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चॅनेलला ७२ तास प्रक्षेपण बंद ठेवायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये परवानाच ३० दिवसांसाठी निलंबित करण्याचा आदेश आला, आणि कारण बघा: परवाना झोरा ट्रेडर्स नावाच्या कंपनीचा आहे आणि चॅनेल दुसरीच कंपनी चालवते. दिल्ली उच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली.

इथे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. परवाना एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा, हे प्रेक्षकाच्या दृष्टीने खरंच गंभीर आहे. पण सरकारला ही गोष्ट खुपली ती नेमकी एका सत्ताधारी नेत्याबद्दलच्या बातमीनंतर. मालकी लपलेली असली की तिचा फायदा मालकाला होतोच, शिवाय ज्याच्या हातात परवान्याची फाईल आहे त्यालाही होतो.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच सांगितलं होतं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढचं काम संसदेचं होतं.

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, २००८-०९ पासून यावर शिफारशी करतंय. सगळ्यात सविस्तर अहवाल १२ ऑगस्ट २०१४ चा. राजकीय पक्ष, सरकारं, धार्मिक संस्था यांना चॅनेल चालवू देऊ नका. एका भाषेच्या बाजारात एकाच मालकाकडे पेपर आणि टीव्ही दोन्हींचं वर्चस्व असेल तर त्यावर मर्यादा घाला. माध्यमांसाठी स्वतंत्र नियामक नेमा. देश एक बाजार न मानता भाषेनुसार मोजा, ही यातली सगळ्यात कामाची सूचना होती, कारण दिल्लीतून पाहिलं की चॅनेल शेकड्याने दिसतात, मराठीपुरतं पाहिलं की हाताच्या बोटांवर येतात. एप्रिल २०२२ मध्ये ट्रायने पुन्हा एक सल्लापत्रिका काढली. कायदा काही झाला नाही. कोणत्याच सरकारला तो नको होता, याचं कारण वेगळं सांगायला नको.

उरतं ते चॅनेलचं स्वतःचं नियमन. एनबीडीएसए या त्यांच्याच संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये द्वेष पसरवणाऱ्या कार्यक्रमांसाठी टाइम्स नाऊ नवभारतला १ लाख आणि न्यूज१८ इंडियाला ५० हजार रुपये दंड केला. त्याच्या काही महिने आधी सर्वोच्च न्यायालयाने एक लाखाच्या दंडाचा चॅनेलवर काय परिणाम होणार, असं विचारलं होतं. शिवाय जे चॅनेल या संस्थेचं सदस्यच नाही, त्याला तेवढाही दंड नाही.

अमेरिकेतही मालकीच्या मर्यादेचा कायदा असून २०१८ मध्ये सिंक्लेअर समूहाच्या डझनावारी स्थानिक चॅनेलवरचे अँकर एकच मजकूर एकाच वेळी वाचताना दिसले होते. वेगवेगळे चेहरे आणि एकच वाक्य असलेला तो जोडलेला व्हिडीओ सोशल मीडियावर अजून फिरतो. पण तिथे निदान कोणतं स्टेशन कोणाचं, हे नोंदीत सापडतं आणि त्यामुळेच तो व्हिडीओ बनवता आला.

मग मालक शोधायचा कसा?

शेअर बाजारात नोंद असलेल्या समूहांचं, म्हणजे एनडीटीव्ही, नेटवर्क१८, झी मीडिया यांचं, दर तीन महिन्यांनी भागधारकांचं पत्रक निघतं. एक्सचेंजच्या वेबसाइटवर ते फुकट बघता येतं. परवाना कोणत्या कंपनीच्या नावावर आहे याची यादी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते. त्या कंपनीचे संचालक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर. नोंद नसलेल्या कंपन्यांच्या बाबतीत एकामागे एक अशा तीन-चार कंपन्या निघतात आणि वाट कुठेतरी हरवते. केबलवरच्या स्थानिक चॅनेलसाठी ही शोधाशोध आणखी अवघड.

नागपूरकराला सगळी चॅनेल एकाच वेळी गावात दिसतात ती डिसेंबरमध्ये. हिवाळी अधिवेशन आलं की विधानभवनाच्या आसपास ओबी व्हॅनची रांग लागते, अँकर स्वेटर घालून थंडीवर बोलतात, संत्र्यावर एक आणि तर्री पोह्यावर एक पॅकेज होतं. २०२४ मध्ये अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस चाललं. त्या सहा दिवसांत विदर्भाच्या प्रश्नांना जेवढा कॅमेरा मिळाला तेवढा मिळाला. २२ तारखेला व्हॅन समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघाल्या. गोंडखैरी, बुटीबोरी आणि तिरोडा इथेच राहिले.